वाढप्यानं कधी बसावं?

मंडळी, आज देवापुढं एक प्रश्न ठेवतो. लोकांची सेवा करणाऱ्यानं मोबदला घ्यावा की घेऊ नये? — का हो, गप्प का? बुवाही पाकीट घेतो म्हणून? घ्यावा! पोट त्यालाही आहे. पण खरा प्रश्न वेगळाच — कधी घ्यावा?

ऐका! खडकोळी नावाचं गाव. घरोघरी बायका बिड्या वळायच्या. कारखाना बंद पडला — हात रिकामे! आधी चहातलं दूध गेलं, मग चहाच गेला. सरपंच अनुसयाबाईंनी ठरवलं, पंचायतीच्या पैशातून तळ्यातला गाळ काढायचा, बायकांना मजुरी द्यायची. सगुणा नावाची बाई, दोन लेकरं पदरी — ती त्या कामाकडं डोळे लावून बसलेली.

तेवढ्यात सदस्य मुरलीअण्णा म्हणाले, “वहिनी, त्या पैशात आधी आपलं मानधन वाढवू. गाळ काय, पुढच्या वर्षी निघंल!”

माणूस वाईट नव्हता हं! कुणाला दवाखान्यात न्यायचं तर अण्णांचीच गाडी, अण्णांचंच पेट्रोल. ठराव दुसऱ्या दिवशीच्या सभेत घ्यायचं ठरलं.

त्या दिवशी होता सप्ताहाचा महाप्रसाद. गावची रीत अशी — पंचायतीच्या सदस्यांनी वाढायचं आणि शेवटी जेवायचं. यंदा वर्गणी थोडी, आमटीचं पातेलं लहान. तिसरी पंगत बसली — सगुणा, तिची लेकरं, सगळ्या बिडीवाल्या. अण्णा सकाळपासून उभे! भूक आवरेना. पातेल्यामागं बसले, ताट भरून घेतलं, चार घास खाल्ले — आणि पंगतीतनं हाक आली, “आमटी!”

अनुसयाबाईंनी पळी घातली. खडखडाट!

“अण्णा, बसलात?”

“राबलो की दिवसभर! मी जेवायचं नाही का?”

“जेवायचं की. पण पंगत अजून उठली नाही.”

अण्णांनी मान वर केली. समोर सगुणाचं पोरगं कोरडा भात चिवडत होतं. अण्णा ताट घेऊन उठले — आणि थबकले! उष्टं ताट ते! परत पातेल्यात घालता येतं का हो? एकदा तोंड लावलं, की ते दुसऱ्याच्या पानात जात नाही! तसेच उभे राहिले, आणि रडू आलं माणसाला.

दुसऱ्या दिवशी सभेत ठराव निघाला. अण्णाच उठले. “मानधन मला हवंय, खोटं कशाला बोलू? पण आधी बायकांच्या हातात मजुरी पडू द्या. मग माझं काढा.” त्याच आठवड्यात सगुणा घमेलं घेऊन तळ्यात उतरली.

आता तुम्ही म्हणाल, बुवा, हे पुढाऱ्यांसाठी झालं, आम्ही सुटलो! सुटलात? घरात, सोसायटीत, या देवळाच्या कमिटीत — पळी आपल्या हातात आली, की पहिली कुणाच्या ताटात पडते? ज्यानं त्यानं आपल्याशी बघावं.

कीर्तन संपलं की इथंही पंगत बसेल. मागं खांबाशी कोण कोण उपाशीपोटी बसलंय, मला इथून दिसतंय. मला आधी बोलवायला येऊ नका, मंडळी. ते जेवून उठले, की माझं पान मांडा.