सरजाबाई गाव का सोडत नाही

नरसिंगमामा : ...ते समदं खरं, शेषा. पण माझी बहीण हाय ती, तुझी माय. आडात पाणी न्हाई, टँकर वेशीपाशीच थांबतो. घागर आणता आणता परवा पडली. आन् तू म्हणतूस, ती उमरी सोडणार न्हाई?

शेषेराव : नाही सोडणार, मामा. मी कॉलेजात हेच तर शिकवतो. माणूस असा का वागतो, त्याचं शास्त्र असतं.

तारामती : चहा अर्धाच कप हाय हं, मामा. लातूर जिल्हा झाला, पण नळ आठ दिसांनीच येतो.

नरसिंगमामा : चालतंय, पोरी. बोल बाबा, तुझं शास्त्र.

शेषेराव : वर्तनवादी म्हणतात, सगळी सवय. टँकरचा भोंगा वाजला की पाणी मिळतं. म्हणून भोंगा ऐकला की पाय आपोआप निघतात. माय त्या भोंग्याला बांधली गेलीय.

नरसिंगमामा : टँकरवाला भोंगा वाजवतच न्हाई. म्हणतो, वाजवला की समदे येतेत.

शेषेराव : बरं, मग मनोविश्लेषण घ्या. लहानपणीची भीती मनाच्या तळाशी दडून बसते. ज्याची त्यालाही कळत नाही.

नरसिंगमामा : हाव, लहानपणी लई भित्री होती. घुबडाला भ्यायची.

तारामती : बघा. घुबडापायी आत्याबाई लातूरला येईनात.

शेषेराव : तारा, थट्टा नको. मानवतावादी म्हणतात, माणसाच्या गरजांची उतरंड असते. तळाशी अन्नपाणी, त्यावर आसरा, मग माया, मग मान.

नरसिंगमामा : यातलं तिला तुझ्या घरी काय काय मिळंल?

शेषेराव : बोधनवादी जरा वेगळं सांगतात. माणसाला परिस्थिती चालवत नाही, त्याचा विचार चालवतो. मायनं मनाशी धरून ठेवलंय की आपण इथं कुणाला नको.

नरसिंगमामा : असं कोण म्हणलं तिला?

शेषेराव : कुणीच नाही. विचारातला दोष म्हणतात तो हाच.

तारामती : या घरात येऊन चार वर्षं झाली. एकदा तरी ‘माय, ये’ म्हणलात का?

शेषेराव : खोल्या दोन आहेत, तारा. आणि म्हटलं असतं तरी आली नसती. या वयात मेंदूच नवी जागा घेत नाही, ही झाली जैविक बाजू.

नरसिंगमामा : बस कर आता. घंट्यापासून ऐकून राहिलो. पाय गळाले माझे. नांदेडपासून उभ्यानं आलो. गाडीत एकच जागा भेटली, ती तिला दिली.

तारामती : कोणाला?

नरसिंगमामा : सरजाला. स्टँडवर बसली हाय, गठुडं घिऊन. म्हणली, दादा, आधी तू जाऊन बघ. बोलावल्याबिगर पोराच्या दारात कसं जावं?

(शेषेराव उठतो, खाटेखाली चपला शोधू लागतो.)

तारामती : अहो, पायातच हायत.

शेषेराव : मामा, स्टँडवर कुठं बसलीय?

नरसिंगमामा : नांदेडची गाडी लागती, तिथंच. न्हाई म्हणलास तर लगेच चढता यावं म्हणून.