खिडकीतून विचारलेला प्रश्न

आदरणीय अध्यक्ष महोदया, व्यासपीठावरचे मोठे डॉक्टरसाहेब, माझ्या निरोपाला जमून तासभर माझं कौतुक करणारे सहकारी आणि मागे दारापाशी उभ्या असलेल्या आमच्या सफाईच्या मावश्या, सर्वांना नमस्कार. मावश्यांनो, या की पुढे, खुर्च्या रिकाम्या आहेत.

आत्ता साहेब म्हणाले, "सिस्टरांचा दरारा असा, की बाकावर बसलेल्या बायकांत कुणी हूं की चूं करायचं नाही." तुम्ही हसलात. मला नाही हसू आलं.

गर्भपात विभागाच्या केसपेपरच्या खिडकीत मी एकोणीस वर्षं बसले. दुसऱ्यांदा-तिसऱ्यांदा आलेली बाई दिसली की माझं डोकंच फिरायचं. भरल्या बाकासमोर ओरडायचे, "कितवी वेळ गं ही? लाज नाही वाटत?" वाटायचं, बोलल्याने शहाण्या होतील. झाल्या ना! सगळ्या "पहिलीच" म्हणायला लागल्या.

गेल्या वर्षी एक आली, शिवणकारखान्यात बटणं लावणारी. तीही "पहिलीच" म्हणाली, नावही भलतंच सांगितलं. मी लिहून घेतलं. आदल्या खेपेला तिला भयंकर रक्तस्राव झाला होता. तो कागद तिच्या खऱ्या नावाने माझ्याच कपाटात होता. तो समोर असता, तर डॉक्टरांनी आधीच रक्त मागवून ठेवलं असतं. या खेपेलाही तसंच झालं, आणि रक्ताची पिशवी तीन वाजता आली. ती अडीचला गेली.

संध्याकाळी तिची जाऊ आली. म्हणाली, "दिवस राहू नयेत म्हणून ती गोळ्या आणायची, तर नवरा फेकून द्यायचा हो. तिला तांबी बसवून घ्यायची होती. पण तुम्हाला विचारायची छाती झाली नाही तिची."

तांबी माझ्या टेबलाच्या खणात होती. फुकट द्यायची असते ती.

चौकशीत ठरलं, खोटं नाव पेशंटने दिलं. माझ्यावर साधा ठपकासुद्धा नाही!

अध्यक्ष महोदया, केसपेपर आतल्या खोलीत, दार लावून करू द्या, असे तीन अर्ज मी दिले. "जागा नाही" म्हणून परत आले. जिन्याखालच्या खोलीत मोडक्या खुर्च्या पडल्यात. हे भेटीचं घड्याळ परत घ्या हवं तर, पण उद्या माझ्या जागी बसणाऱ्या पोरीला ती खोली द्या. आणि पोरी, कितवी वेळ हे विचारावंच लागतं. आधी बाईला बसायला सांग, मग विचार.

आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलताना कुणाला लागलं असेल तर पोटात घाला. बाकीची माफी मला तुमच्याकडे मागता येत नाही. जिच्याकडे मागायची, तिचं खरं नाव मला ती गेल्यावर कळलं.