पॅनलवर पडणारी सावली

सोलरचं नाव निघालं ना बायांनो, की मला आमचा निंबच आठवतो.

पॅनल बसवायच्या आधी फिटर छप्पर पाहायला आला होता. "निंबाची सावली पडते जी, वीज कमी बनेल," एवढंच बोलून गेला. माझी पोरगी तान्ही. लाइट गेली की घामोळ्यांनी रडून रडून निळी पडायची, माझा जीव थाऱ्यावर राहायचा नाही. निंब माझ्या सासऱ्यांनी लावलेला. दुपारभर त्यांची बाज त्याच्याखालीच असायची. तरी तेच म्हणाले, "तोडा. नातीपेक्षा झाड मोठं हाये काय?"

तोडला. फिटर पॅनल घेऊन आला आणि बुंधा पाहून थांबलाच. "काहून तोडला जी?"

"तुम्हीच तर म्हटलं, सावली पडते."

"सावली पडते म्हटलं ताई, तोडा कुठं म्हटलं? गोठ्यावर बसवलं असतं ना! तिथं दिवसभर ऊन हाये."

आता वीज भरपूर बनते. पण टिनावर सावलीच नाही, घराची भट्टी होते आणि ती सगळी वीज कूलरच खातो. बंद केला की पोरगी रडते.

परवा भर दुपारी सासरे शेजाऱ्यांच्या भिंतीला चिकटून, वीतभर सावलीत बसले होते. म्हटलं, "मामाजी, आत या, कूलर सुरू हाये."

"तू पोरीले पाह्य. मी झाडाखाली बसायची सवय मोडून राह्यलो."