मेघबाहूचं शेवटचं पान

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आदरणीय कुसुमताई, मंचावर बसलेले मंडळाचे सचिव पियूष, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते नत्थूजी धकाते, आणि पंखे कमी असूनही जागा न सोडणाऱ्या सक्करदऱ्यातल्या माझ्या बंधू-भगिनींनो, गोपिका नंदनवारचा आपणा सर्वांना नमस्कार.

मी मंडळाची खजिनदार, म्हणून आधी काय आलं ते सांगते. शाल आली, साडेचारशे. श्रीफळ चाळीस. हाराचे साठ सांगितले होते, पन्नासात दिला. आणि मंडळाच्या वाचनालयासाठी मेघबाहूच्या कॉमिक्सचा नव्या छपाईचा पूर्ण संच आला, अठ्ठावीसशे, टपालखर्च वेगळा. हा शेवटचा खर्च पियूषनं मला विचारून केलेला नाही. पण त्या संचामुळेच आज मला बोलण्यासारखं काही आहे, तेव्हा तो मंजूर.

नत्थूजी आता मुलीकडे, मयुरीकडे, गोंदियाला राहायला जात आहेत. त्यांची किरायाच्या कॉमिक्सची लायब्ररी बंद झाली, जुनी कॉमिक्स तूर्त मंडळाच्या कपाटात ठेवली आहेत. लहान मुलांना ही लायब्ररी काय होती ते कदाचित माहीत नसेल. नत्थूजींच्या घरी मागच्या खोलीत हातमाग आणि पुढच्या खोलीत दोरीवर वाळत घातल्यासारखी कॉमिक्स. आत साडी विणली जायची, बाहेर मेघबाहू ढगावरून उडी मारायचा. हिंदीत होती, पण आपल्या नागपुरात हिंदीनं कोणाचं अडलं आहे?

मी लग्न होऊन आले तेव्हा माझा दीर अश्विन शाळेत जात होता. त्याला आई नव्हती. तो कॉमिक आणायचा, रात्री वाचायचा, आणि परत देण्याआधी दुपारी ते माझ्या हाती यायचं. एका किरायात दोघांचं वाचन. सकाळी पोथी, दुपारी मेघबाहू. मॅट्रिक झालेल्या बाईनं हे वाचावं का, असं सासूबाई असत्या तर विचारलं असतं. नव्हत्या, म्हणून वाचलं. तेव्हापासून आजपर्यंत वाचते.

आता मेघबाहूची गोष्ट कशी संपते, ते इथल्या कोणालाही विचारा. लढाई होते, राक्षस अंगावर येतो, पान उलटतं, आणि मेघबाहू एका घराच्या दारात उभा असतो. कपडे फाटलेले, पायाला चिखल. आतून म्हातारी म्हणते, "आ गए बेटा? हाथ-मुँह धो लो, थाली लगाती हूँ." तो जेवायला बसतो. समाप्त. समुद्राच्या तळाशी लढला तरी हेच. चंद्रावर लढला तरी हेच. चंद्रावरून येणाऱ्याच्या पायाला चिखल कुठून लागला, असं आपल्यापैकी कोणी कधी विचारलं का? मी तरी नाही. दमून आलेल्या माणसाला आधी जेवू घालतात, चौकशी मागाहून करतात.

नवा संच आला तेव्हा मी तो पहिल्यापासून वाचायला घेतला. आणि मागच्या रविवारी पियूषला बोलावलं, नत्थूजीही तिथेच बसले होते.

मी म्हटलं, "पियूष, यात मेघबाहूची आई पहिल्याच अंकात मरते."

पियूष म्हणाला, "हो न काकू. अनाथच आहे तो. सगळ्यांले मालूम आहे."

"मंग जेवाले वाढते ते बाई कोण?"

त्यानं नवा संच चाळून एक अंक काढला. "हे पाहा. पुराच्या गोष्टीतली म्हातारी आहे. तिचं घर वाचवते तो, म्हणून एक डाव जेवाले बोलावते. बाकी कुठंच नाही."

आम्ही दोघांनी नत्थूजींकडे पाहिलं. ते म्हणाले, "माह्याकडे काहून पाहून राहिले गा?"

मग हळूहळू निघालं. किरायाची कॉमिक्स हातोहात फिरायची, शेवटचं पान आधी फाटायचं. गिऱ्हाईक भांडायला यायचं. इतवारीच्या ठोक दुकानात पुड्या बांधायच्या रद्दीतून नत्थूजींना एकाच अंकाच्या, त्या पुराच्या गोष्टीच्या, शेवटच्या पानांचा गठ्ठा मिळाला. आता विणकराला तुटलेलं दिसलं की हात थांबत नाही. ताण्यातला धागा तुटला तर हाताशी असेल तो धागा जोडायचा आणि पुढे विणायचं. तसंच त्यांनी ज्या कॉमिकचं पान गेलं त्याला गठ्ठ्यातलं पान लावलं आणि साडीच्या काठाच्या उरलेल्या सुतानं शिवून टाकलं.

पियूष म्हणाला, "पण नत्थूजी, गोष्ट जुळते का ते तरी पाहाचं!"

"मी कुठं वाचत होतो गा? फोटो पाह्यला. लढून आलेला माणूस जेवून राहिला. यात चुकलं काय?"

आम्ही हसलो. हसायला नको होतं. कारण जाताना नत्थूजी म्हणाले, "बाई, लोकायले इतकी वर्षं भलतंच वाचाले देल्लं मी. नवा संच आला आहे, जुनं सारं रद्दीत द्या." पियूषनं रद्दीवाल्याला सांगूनही ठेवलं. आजच्या कार्यक्रमानंतर तो येणार होता.

मी नवा संच पूर्ण वाचला. छपाई सुरेख आहे. पण खऱ्या शेवटात मेघबाहू कुठेच जात नाही. जिंकला तरी उंच इमारतीवर एकटा उभा राहतो. काही वेळा तर हरतोसुद्धा. हे मी अश्विनला फोनवर सांगितलं. तो हिंगण्याला कारखान्यात आहे. शिफ्टवरून आला की अजून दारातून म्हणतो, "वहिनी, आ गए बेटा म्हण न वं." त्याला वाटलं मी गंमत करते आहे. मग म्हणाला, "मंग त्याले जेवाले कोण देते?"

मी म्हटलं, "आपल्या कॉपीत देतात."

नत्थूजी, रामटेकला कथा ऐकायला जाते तेव्हा प्रत्येक बुवा रामाचं थोडं वेगळं सांगतो. आपण उठून जात नाही. तेव्हा तुम्ही भलतं वाचायला दिलं हे मला मान्य नाही. पण माल तुमचा आहे. तुमच्या शब्दाबाहेर मी जाणार नाही, आणि मंडळानंही जाऊ नये, अशी अध्यक्षांना विनंती आहे. फक्त तुमचा शेवटचा शब्द अजून यायचा आहे, म्हणून रद्दीवाल्याला मी तूर्त येऊ नको म्हटलं आहे. पियूष, तुला विचारलं नाही. हिशेब बरोबर झाला.

कुसुमताईंनी बोलायची संधी दिली, आपण शांतपणे ऐकलं, सर्वांचे आभार. बोलताना कोणाचा मान राहून गेला असेल, भाषा घसरली असेल, तर घरची समजून पदरात घ्यावं.

नत्थूजी, एक शेवटचं. तुम्ही यातलं एकही कॉमिक वाचलेलं नाही. चंद्रावरचं तुमच्या पिशवीत ठेवलं आहे, तुमच्याच हातचं शिवलेलं. गोंदियाला गेल्यावर पहिल्या पानापासून वाचा. मग ठेवायचं की रद्दीत द्यायचं ते उलट टपाली कळवा. फोन नको, फोनवर तुम्ही "जाऊ द्या न बाई" म्हणून मोकळे होता. पत्र येईपर्यंत कपाटाची किल्ली माझ्याकडे राहील.