खोबणीतली भाडेकरीण

हॅलो? … हां, बोल बारके, ताईच बोलतेय. आला का ठोकळा वर? … अगं मग धापा काय टाकतेस, टाक गाडीत आणि नीघ! मशीनवाले काका ताटकळलेत इथे. चहावर किती वेळ थोपवून धरू त्यांना?

… कोण बसलंय? … ठोकळ्यात? … ऑक्टोपस! … बरं, बसू दे. म्हणजे, नको बसू देऊस. काढ बाहेर. … सोडत नाही म्हणजे? तुझे हात दोन, तिचे आठ, मान्य. पण अक्कल तर तुला जास्त ना? … नाही? बरं.

… अंडी? … लोंबतायत? घडच्या घड? … हो, हो… अगं ऐक ना. रडू नकोस आधी. ठोकळा टबात आहे ना? समुद्राच्याच पाण्यात? … नळाचं घालू नकोस हं, मरेल ती.

… कळतंय गं मला. साधं सिमेंट पाण्यातही झोंबतं, त्यावर जीव सहजी धरत नाही. म्हणून तर शिंपल्यांचा चुरा, भट्टीची राख कालवत बसलो आपण. खोबणी कोणी पाडल्या? तूच, आईचं लाटणं पळवून. आणि आता कुणीतरी खरंच राहायला आलंय, तर मीच म्हणतेय घर चेपून टाका. … मग काय करू? समुद्रात मुरलेला ठोकळा किती दाब सोसून फुटतो, तो आकडा आज संध्याकाळच्या बैठकीत बंदराच्या साहेबांना द्यायचाय. नाही दिला तर नवी भिंत साध्या सिमेंटची. आख्खी! तिथे कोण राहणार, सांग. … फोटो? फोटो बघून म्हणतील, वा वा, आणि मग विचारतील, प्राणी राहतात म्हणजे भिंत भुसभुशीत का हो? त्यांना वाळवीच आठवते.

… ताजा ठोकळा नाही चालत. मुरलेलाच लागतो. आणि मुरलेले उरले होते दोन. एक तुझ्यासमोर, दुसरा धक्क्यावरच्या त्या वॉचमनने ढापला. … मग मीच ठरवायचं का? मीच? … थांब. थांब जरा, सुचत नाहीये काही… मागे कोण बोलतंय? अप्पा? … आत्ता काय सांगायचंय त्यांना? … बरं, दे.

हां अप्पा, पटकन बोला. … कुठला ठोकळा? … होडीखाली? … नांगर म्हणून?! अहो, विचारायचं तरी! महिनाभर त्या वॉचमनला बघून मान फिरवतेय मी! … दगड घसरत होता म्हणून? … आणि वादळातही होडी जागची हलली नाही? वा. ते साहेबांना सांगा. … तडा गेलाय का? एखादी चीर? नीट बघा, चष्मा लावून बघा. … नाही? नक्की? … आणि आत कुणी राहत नाही ना? हात घालून… नको, डोकावून बघा. … रिकामा? अप्पा, पाया पडते तुमच्या.

आता ऐका. बारकीला म्हणावं, टबातला ठोकळा होता तिथेच सोड, त्याच कुशीवर, हळू. आणि तुम्ही आधी होडी दुसरीकडे बांधा, मगच तुमचा ठोकळा… काय? … धक्क्यावर आणलात पण? आमची रडारड चालली होती तेवढ्यात? एकट्याने? … शाब्बास!

… अप्पा, मग होडी आता कुठे बांधलीत?

… विसरलात म्हणजे? … कुठवर गेलीय? … बारकी हसतेय का तिकडे? … त्या वॉचमनला हाक मारा! … हो, त्यालाच, त्याला पोहता येतं. माझं नाव नका सांगू. … अहो, फोन घेऊन पाण्यात नका उतरू, आधी फोन—

हॅलो? … हॅलो?

काका, मशीन बंद करू नका. ठोकळा येतोय. … होडीचं काही सांगता येत नाही.