तंबू पडला, मुलगी राहिली

सन्माननीय अध्यक्ष महोदया, व्यासपीठावरचे मान्यवर पाहुणे, मुलींच्या गटाचे सर्व पालक, समोर शिस्तीत बसलेल्या आणि मागच्या रांगेत अजिबात शिस्तीत नसलेल्या मुलींनो, आणि आज ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत त्या आपल्या मोठ्या ताई, सर्वांना माझा नमस्कार.

अध्यक्षांनी मला थोडक्यात बोलायला सांगितलं आहे. मी सुतार, मापात काम करायची सवय आहे. पण विषय ताईंचा आहे, तेव्हा आज थोडं सैल सोडा.

ताई दिवसभर पोस्टाच्या खिडकीत बसतात आणि संध्याकाळी याच सभागृहात मुलींचा गट घेतात. हे नसतं लचांड कशाला, असं घरच्यांनीही विचारून पाहिलं. त्यांचे यजमान समोर हसताहेत, म्हणजे मी खरं बोलतोय.

या गटाची एक पद्धत आहे. शिबिरात ताईंचा तंबू सगळ्यात नवख्या मुलींनी उभारायचा आणि ताईंनी त्यातच राहायचं. जुन्या मुलींनीही हात लावायचा नाही. असं कोण करतं हो? मी तर शिकाऊ पोरानं ठोकलेल्या खुर्चीवर आधी गिऱ्हाईकाला बसवतो!

काही वर्षांपूर्वी माझी धाकटी लेक या गटात नवखी होती. पोरगी गुणाची, पण धरसोड फार. पोहणं सोडलं, गाणं सोडलं. शिबिराच्या दुसऱ्याच दिवशी फोन आला, "बाबा, मला न्यायला या." रडून रडून आवाज बसलेला. मी दुकान बंद करून निघालो. मनात म्हटलं, चला, हेही सुटलं.

मैदानावर पोचतो तर काय? भर दुपारी वारा सुटलेला, बाकीचे तंबू ताठ उभे, आणि ताईंचा तंबू भुईसपाट. त्याच्याखाली ताई! कापडाखालून आवाज येत होता, "घाबरू नका गं, मी मजेत आहे. आधी कुठला दांडा उभा करायचा ते ठरवा."

आता माझे हात गप्प कसे राहणार? धावत जाऊन दांडा उचलला.

"एवढ्या जोरात कोण ओढतंय? आपल्या मुलींपैकी नाही हे."

"मी... घरी फोन केलेल्या मुलीचा बाबा. तिला न्यायला आलोय."

"या, या! मला बाहेर येऊन नमस्कार करता येत नाहीये, राग मानू नका. पण तेवढा दांडा सोडा. आणि तिला न्यायचं तर जरूर न्या, फक्त आधी तिला विचारा."

मी वळलो. लेक धुळीनं माखलेली, दोर दातात धरून खुंटी ठोकत होती. म्हटलं, "चल बेटा, घरी जाऊ." तिनं तोंडातला दोर काढला आणि म्हणाली, "बाबा, बाजूला व्हा. तुम्ही दोरावर उभे आहात."

मी बाजूला झालो. दुसरं काय करणार? ती ओरडली, "ओढा!" आणि तंबू उठला. ताई बाहेर आल्या, केसांत गवत, चष्मा वाकडा, आणि टाळ्याच वाजवायला लागल्या. खरं सांगतो, माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

संध्याकाळी एकटाच घरी परतलो. हिनं दारातच विचारलं, "पोरगी कुठाय?" मी छाती फुगवून सांगितलं, "तिला वेळ नाहीये."

ताई, ती धरसोड करणारी मुलगी आज या व्यासपीठावर तुमच्या शेजारच्या खुर्चीत बसली आहे. उद्यापासून हा गट ती चालवणार. येत्या शिबिरात नवख्या मुली तंबू उभारतील आणि त्यात ती झोपेल. बाप म्हणून काळजी वाटते का? वाटते ना! पण मी हात लावणार नाही.

संयोजकांनी मला बोलायला उभं केलं, अध्यक्षांनी घड्याळाकडे कानाडोळा केला, दोघांचाही मी ऋणी आहे. कौतुकाच्या भरात कुणाला मान द्यायचा राहून गेला असेल, एखादा शब्द वेडावाकडा गेला असेल, तर मोठ्या मनानं पोटात घाला. आणि टाळ्या मला नकोत. उभं राहून त्या ताईंना द्या.