डॉक्टर ब्रेक्के यांच्या खुर्चीला लागणारी पात्रता

आपल्या संस्थेच्या आदरणीय अध्यक्षा आर्डिस टोलेफसन, सत्कारमूर्ती डॉक्टर लीलंड ब्रेक्के, त्यांच्या शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी सोल्वेगबाई, दुलुथ शहराच्या अग्निशमन दलाचे मान्यवर पाहुणे, आणि टेबलावरची हॉटडिश निवायच्या आत माझं भाषण संपेल या आशेवर बसलेल्या मित्रमैत्रिणींनो,

नव्या मंडळींसाठी सांगते, मी कार्ला नुस्टाड. सोमवारपासून डॉक्टरांच्या, म्हणजे संचालकाच्या खुर्चीत बसणार आहे. म्हणूनच त्यांच्याविषयी चार शब्द बोलायचा मान मला मिळाला असावा. डॉक्टरांनी काल विचारलं, "कार्ला, गोडगोड बोलशील ना?" मी म्हटलं, "खरं बोलेन, डॉक्टर." ते हसले. हसायला नको होतं.

औद्योगिक मानसशास्त्रात डॉक्टरांचं नाव मोठं आहे, यात शंका नाही. अग्निशमन दलात कोणाला घ्यावं, बस कोणाच्या हाती द्यावी, यासाठीच्या परीक्षा आपण तयार करतो. त्यात डॉक्टरांचा एक आग्रह कायम असे. आधी माणसाच्या शेजारी बसून तो दिवसभर काय करतो ते बघा, मग त्या जागेला कोणती पदवी लागते ते ठरवा. कामाला न लागणारी पदवी मागणं हा अन्याय आहे, असं त्यांनी कोर्टात साक्षीला उभं राहून किती वेळा ठणकावून सांगितलं! मी मागच्या बाकावर बसून ऐकायची आणि मला खरंच अभिमान वाटायचा.

मीही डॉक्टरेटला नाव घातलं होतं. सगळे विषय झाले, तोंडी परीक्षा झाली, राहिला फक्त प्रबंध. आमच्या व्यवसायात अशा अर्ध्या वाटेवरच्या माणसांची वेगळी जमातच आहे, आणि लग्नकार्यात कुणी "झाला का गं प्रबंध?" विचारलं की ही जमात केक आणायला उठते. माझ्या प्रबंधाला लागणारी माहिती मी स्वतः गोळा केली होती. लोखंडाच्या खाणींच्या पट्ट्यातल्या एकेका अग्निशमन केंद्रात भर हिवाळ्यात गेले, जवानांशी बोलले, त्यांच्या चाचण्या घेतल्या. ती माहिती वापरायला हवी होती फक्त डॉक्टरांची परवानगी.

"ग्राहकाची माहिती आहे, कार्ला. गुप्तता पाळावी लागते गं," ते म्हणाले.

बरोबर आहे, असं वाटून मी विषय सोडला. पुढच्या वसंतात आमच्या व्यावसायिक संघटनेच्या अधिवेशनात डॉक्टरांनी निबंध वाचला. माहिती तीच, तक्ते तेच, खालची टीपसुद्धा माझीच, आणि नाव एकट्या डॉक्टरांचं. मी तिसऱ्या रांगेत बसले होते. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, कारण सगळे माझ्याकडे बघत होते. माझा प्रबंध अडूनच राहिला, विद्यापीठाची मुदत संपली, माझं नाव पटावरून गेलं. मग उपसंचालकाची जागा निघाली, तेव्हा डॉक्टर काय म्हणाले असतील?

"तुझ्याबद्दल आदर आहे गं मला. पण डॉक्टरेट नाही ना तुझ्याकडे!"

सोल्वेगबाई, तुम्ही पाणी घ्या. अजून थोडंच आहे.

यंदा डॉक्टरांनी निवृत्ती जाहीर केली आणि स्वतःच्या जागेची जाहिरात स्वतःच लिहिली. डॉक्टरेट अनिवार्य. भर बैठकीत मी एवढंच विचारलं, "डॉक्टर, या जागेच्या कामाची पाहणी कोणी केली?"

"माझ्या? माझ्या खुर्चीची पाहणी?" ते म्हणाले.

आर्डिसबाई मफिनचा कागद सोलत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "का नाही, लीलंड? आपण हेच तर विकतो."

मग पाहणी करायला आपला ड्वेन डॉक्टरांच्या शेजारी खुर्ची टाकून बसला. ड्वेन, लाजू नकोस, तू तुझं काम केलंस. आकडेमोडीचा प्रश्न आला की डॉक्टर म्हणत, "कार्लाला विचारा." ग्राहक चिडला की, "कार्लाला फोन द्या." परीक्षेवर कोणी आक्षेप घेतला की, "कार्ला बघेल." आठवडाभर हेच ऐकून ड्वेनने संस्थेच्या मंडळाला सांगितलं, की या कामाला डॉक्टरेट लागते असं काही दिसलं नाही. अट गेली. मी अर्ज केला.

आपल्याकडे उमेदवारांची उत्तरं नावं झाकून तपासतात, ही शिस्तही डॉक्टरांचीच. त्यांनी एका उत्तराला सगळ्यांत जास्त गुण दिले आणि मंडळापुढे म्हणाले, "हा गडी नक्कीच मोठ्या विद्यापीठाचा डॉक्टर असणार." आर्डिसबाईंनी आम्हा उमेदवारांसमोरच नाव उघडलं. त्यानंतर डॉक्टर खिडकीकडे वळून बाहेरचं सरोवर बघू लागले. मी त्यांच्याकडे बघत राहिले. खोटं कशाला बोलू, इतकं सुख मला वर्षानुवर्षं झालं नव्हतं.

पण पदवी गेली ती गेलीच. विद्यापीठ म्हणतं, पहिल्यापासून सुरू करा. म्हणून त्या निबंधाबद्दल मी संघटनेच्या नीतिसमितीकडे तक्रार केली आहे. डॉक्टर, तुम्हाला बोलावणं येईल. कोणत्या केंद्रात गेलात, कोणाशी बोललात, असं ते विचारतील. या वेळी मला फोन देता येणार नाही.

आज सकाळी डॉक्टर माझ्याकडे आले होते. म्हणाले, "कार्ला, सल्लागार म्हणून येत जाऊ का अधूनमधून? घरी बसून काय करू मी?" मी नाही म्हटलं. त्यांनी कारण विचारलं. पात्रता, नियम, ग्राहकांची पसंती, अशी पुष्कळ कारणं मला पुढे करता आली असती, ती सगळी मी त्यांच्याकडूनच शिकले आहे. पण मी सरळ सांगितलं, "मला तुम्ही इथे नको आहात, डॉक्टर. एवढंच."

तर आर्डिसबाई, आपण मला बोलू दिलंत, आभारी आहे. स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या मंडळींचे, आणि इतका वेळ काटेचमचे खाली ठेवून ऐकणाऱ्या आपणा सर्वांचे आभार. बोलताना एखादं नाव राहिलं असेल, मानपान चुकला असेल, तर मोठ्या मनाने माफ करावं. कुणाचं मन दुखावलं असेल, तर त्याची मात्र माफी मागत नाही. ते चुकून झालेलं नाही.